डबा धुवू नका

चाँदपाशा चाचा गेले, हे त्यांच्या सुनेनं सकाळी फोनवर सांगितलं तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार काय यावा? आता त्यांच्या घरी डबा कोण नेणार?... रडू नंतर आलं. आधी हीच काळजी. कारण आमच्या उदगीरच्या गल्लीत गेली चाळीसेक वर्षं कुणाच्याही घरी माणूस गेलं की पहिला डबा चाचांचा, हे ठरलेलं होतं. त्यांच्या सायकलच्या हँडलला लटकणारा तीन पुडांचा ॲल्युमिनियमचा डबा दिसला की लोक पदर सावरून, डोळे पुसून दार उघडायचे.

चाचा फौजेत लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा भावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसले असते तर आराम होता. पण दुकानात त्यांचं बूड टिकलं तर शपथ! कानावर बातमी आली की हा माणूस उठलाच. दुखाच्या घरात चूल पेटत नाही, सोयरे-शेजारी कडू घास आणतात, ती रीत त्यांच्यातही आणि आमच्यातही. चाचांनी ती साऱ्या गावासाठी अंगावर घेतली. घरात कुणाला शुगर आहे का, बारकी लेकरं किती, हे ते आधी विचारून घ्यायचे; लेकरांसाठी वरच्या पुडात शिरा वेगळा. आणि देताना एकच सांगणं, "डबा धुवू नका. तसाच द्या." आम्हाला वाटायचं, काय भला माणूस आहे, दुखातल्या बायकांना भांडी घासायचा त्रास नको म्हणतो. चाळीस वर्षं गल्ली असंच समजत राहिली.

माझा आणि त्यांचा हिशेब मात्र जरा वेगळा होता. मी तेव्हा शाळेत शिक्षिका, आणि माझा स्वभाव घड्याळाच्या काट्यावर चालणारा. एका सव्वीस जानेवारीला आम्ही त्यांना माजी सैनिक म्हणून बोलावलं. मुलांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. चाचा इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून आले, माइकसमोर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, मी बंदूक कमी अन् परात जास्त धरली." पोरं खिदळली. मग सांगू लागले की वर बर्फात चौकी होती, खालून चाचा डबे पाठवायचे. "एकदा तीन दिवस डबे खाली आले ते लखलखीत धुतलेले! मी म्हटलं, वा रे चाँदपाशा, काय हात हाय तुझा..." पुन्हा हशा. इकडे प्रमुख पाहुणे खुर्चीत चुळबुळ करत होते, त्यांचं भाषण व्हायचं होतं. मी टेबलावरची घंटी वाजवली. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, "बरं, बाई," म्हणून सॅल्यूट ठोकला आणि खाली उतरले. पाहुणे त्यानंतर पाऊण तास बोलले. काय बोलले ते आज कुणाला आठवत असेल तर त्यानं मला सांगावं.

पुढं काही वर्षांनी माझे यजमान अचानक गेले. चाचांचा डबा आला. सासूबाई देवणीकडच्या, जुन्या वळणाच्या. त्यांना मुसलमानाघरचं शिजलेलं चालायचं नाही हे चाचांना ठाऊक होतं. म्हणून भाकरी शेजारच्या वहिनींकडून करून आणल्या होत्या आणि तसं दारातच सांगितलं, अगदी सहज, मनात काही न ठेवता. मी डबा घेतला. घास काही उतरला नाही. अन्न शेजारच्या म्हशीपुढं ठेवलं आणि खरकटा डबा कसा परत द्यायचा म्हणून लख्ख घासून पाठवला. पंधरा मिनिटांत सायकलची घंटी वाजली. चाचा डबा भरून पुन्हा दारात!

"बाई, डबा धुतला?"

"हो."

"म्हंजे खाल्लं न्हाई."

उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले. "पहिला घास माझ्यापुढं खायचा. मंग मी जातो. न्हाई तर इथंच बसतो, मला काय, पेन्शन चालू हाय." मला त्या दुखातही हसू फुटलं, आणि हसता हसता जे रडू कोसळलं ते थांबेना. मग मी जेवले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, फौजीला पाणी तरी दे!" त्या बाईनं आयुष्यात प्रथमच असं काही म्हटलं होतं.

तेव्हापासून मनात ती शाळेतली गोष्ट टोचत होती. कितीदा विचारलं, "चाचा, त्या डब्यांचं पुढं काय झालं?" ते मिशीत हसायचे. "आता काय, बाई, घंटी वाजली ना!" थट्टाच ती, राग नव्हता; पण सांगितलं नाही ते नाहीच. दुसरंही एक कोडं होतं. वर्षातून एकदा ते सकाळच्या एसटीनं, नांदेडला गाडी बदलून, मांडीवर डबा घेऊन भोकरला जायचे. तिथं कोण आहे विचारलं की म्हणायचे, "हाय एक माय."

तर त्या दिवशी मी मेथी बाजूला सारली, पिठलं केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि माझा डबा घेऊन गेले. चाची भिंतीला टेकून बसल्या होत्या. घर माणसांनी भरलेलं, सगळ्यांचेच डबे आलेले. संध्याकाळी त्यांच्या नातीनं माझा डबा परत आणून दिला. लखलखीत, चेहरा दिसावा असा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवा डबा घेऊन चाचींपुढं बसले. म्हटलं, "चाची, काल डबा धुतलेला आला."

त्यांनी मान वर केली. "तुमाला बी सांगितलं का उनो?" चाचांना त्या 'उनो'च म्हणायच्या.

"नाही. मीच सांगू दिलं नाही..."

मग त्यांनी सांगितलं. वर चौकीवर बर्फ कोसळून दोघं जण गेले होते. राहिलेल्यांना घास गिळवेना. पण खालून लांगऱ्यानं एवढं राबून पाठवलेलं, त्याच्या जिवाला लागू नये म्हणून त्यांनी अन्न बर्फात पुरलं आणि डबे बर्फानं घासून खाली धाडले. तीन दिवस! खाली चाचांना वाटलं, दुखातही पोरं जेवतायत, आणि ते आपल्या हातावर खूश. चौथ्या दिवशी ती माणसं खाली उतरत असताना त्यांच्यातला भोकरचा जवान वाटेत बसला तो उठलाच नाही. "उनो म्हणायचे, मी डबे बघितले, माणसं न्हाई बघितली," चाची म्हणाल्या. त्या जवानाच्या आईला, ती असेपर्यंत, चाचा दरसाल भोकरला जाऊन, समोर बसून जेवू घालून यायचे.

मला शाळेचं पटांगण दिसलं. पोरं हसत होती, त्यांच्यापुढं तो माणूस आयुष्यभराचं ओझं उतरवायला उभा होता, आणि मी मेली घंटी वाजवत होते. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नाही. आता माफी तरी कुणाची मागू?... मी भाकरी मोडली, पिठलं लावलं आणि चाचींपुढं धरली. "पहिला घास माझ्यापुढं. मग मी जाते. माझीही पेन्शन चालू आहे."

चाचींच्या तोंडावर हसू आलं आणि डोळ्यांतून धार लागली. घास घेतला. सावकाश चावून म्हणाल्या, "मीठ कमी हाय, बाई." मग दुसरा घेतला.

आज चाळीस दिवस झाले. त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीनं आणून दिलेला डबा अजून डोळ्यांपुढं आहे. कडेला पिठलं वाळलेलं, तळाशी भाकरीचे चार कण, झाकणाला तेलाची बोटं. सवयीनं मी तो नळाखाली धरायला गेले आणि हात थांबला. खिडकीशी उजेडात नेला, तिन्ही पुडं एकेक करून तळापर्यंत पाहिली. मग गल्लीच्या टोकाकडं, त्यांच्या घराकडं तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "खाल्लं हो, चाचा."

आणि मग डबा धुतला.