शेळीनं खाल्लेला माईक

माझ्याकडे एक माईक आहे आणि त्याचे केस शेळीनं खाल्लेले आहेत.

हे घडलं मंद्रूपला, गौरा आत्याच्या अंगणात. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. तिच्या गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही. लहानपणी तिनं अंगणातून हाक मारली की मी पार विहिरीवरून पळत यायचो. तो आवाज आता जाणार होता. घाईघाईनं मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला, तर ऐकू आला नुसता वारा. (आणि मधूनमधून माझा खोकला. तो मात्र स्पष्ट!)

म्हणून सोलापुरात माईक घ्यायला गेलो, सोबत बायको सुनंदा. दुकानदारानं बोटाच्या पेराएवढा माईक काढला.

"पदराला चिमटा लावायचा, काका. बाई बोलतील तेवढंच येतंय बघा."

"एवढासा? आमच्या आत्याचा आवाज ऐकलाय का तुम्ही? तो वरचा मोठा काढा!"

"त्यो लांबनं आवाज धरायला असतो. तुमाला कशाला?"

"अहो, ते काय सांगतात ते ऐका की जरा," सुनंदा म्हणाली.

पण मी तेहतीस वर्षं मास्तरकी केलेली. ऐकून घ्यायची सवय नाही. हातभर लांब माईक घेतला, त्यावर वारा अडवायला केसाळ टोपी. एसटीत तो मांडीवर घेऊन बसलो, तर शेजारचे काका अंग चोरून बसले.

आत्यानं बघितलं मात्र. "मल्ल्या, मांजर कुटनं आणलंस रं?"

अंगणातल्या चुलीपाशी स्टँड लावला, मोबाइल जोडला. आत्यानं डोक्यावर पदर घेतला, कॅमेऱ्याला हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार. मी आता ज्वारीची भाकरी करीत आहे."

जन्मात जिच्या तोंडून कधी 'आहे' निघालं नाही, ती!

"आत्या, नेहमीसारखं बोल की!"

"मी नेहमीसारखेच बोलत आहे."

अर्धा तास तेच! मी रडकुंडीला आलो. माईकचंच काहीतरी चुकत असेल, म्हणून त्याच्यासोबतचा कागद शोधायला आत गेलो. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं. तेवढ्यात आत्याची शेळी, चिंगी, दावं सोडवून आली आणि तिनं केसाळ टोपीला तोंड घातलं.

"आगं ए भवाने! होग, होग!" होग म्हणजे जा; आत्या रागावली की थेट कन्नडवर जाते. मी धावलो, टोपीचं दुसरं टोक धरलं आणि ओढलं. चिंगीनंही ओढलं. मग तिनं एकदम सोडलं, आणि मी मळलेल्या पिठाच्या परातीत बसलो!

"मुडदा बशिवला तुजा! अन्नात बसतंय का कुणी? ती शेळी हाय, तिला कळत न्हाय. तू मास्तर हायस न्हवं?" आत्याचा खणखणीत आवाज सगळ्या गल्लीत गेला. पोटभर शिव्या घालून झाल्यावर ती मला उठवायला आली, सदऱ्याला चिकटलेलं पीठ काढायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लई येडं हाय माजं पोरगं. माज्या आवाजापायी आलं बगा हितवर."

सुनंदा चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र हुंदका आला, खोटं कशाला बोलू.

ऑपरेशन नीट झालं. आत्याचा आवाज आता बारीक, घोगरा आहे. दिवाळीला सगळे जमले की ती हळूच म्हणते, "लाव की रं ते." मग तिचा जुना आवाज घरभर घुमतो आणि ती डोळे मिटून ऐकत बसते. नातवंडं मात्र पिठाच्या जागेची वाट बघतात.

मी येडा आहे हे गावाला आधीपासून ठाऊक होतं. पण एक शब्दही न हुकता, जराही खरखर न येता ते टिपून ठेवायला दुकानातला सगळ्यात मोठा माईक मीच हट्टानं निवडला होता!