श्रावणातली चिकनची ऑर्डर

“मॅडम, हा माल आला तर आपलं गोदाम गेलं,” म्हणत सावंतांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

स्क्रीनवर चिकनची ऑर्डर होती, नेहमीच्या तिप्पट. आणि त्या दिवशी श्रावण लागला होता.

आमची कंपनी परदेशी. हॉटेलांच्या आणि कॅन्टीनच्या किचनला माल पुरवते. परळच्या ऑफिसात मी फायनान्स बघते. सोबत सस्टेनॅबिलिटी रिपोर्टही माझ्याच गळ्यात, म्हणजे किती अन्न फेकलं, किती डिझेल जाळलं याचा हिशोब. सावंत सांभाळतात ते शिवडीचं गोदाम तेव्हा नवीन होतं, आणि माल फेकण्यात सगळ्या देशांत पुढे. या तिमाहीत वेस्टेज उतरलं नाही तर गोदाम बंद, असं हेड ऑफिसने बजावलं होतं. म्हणजे सावंत आणि त्यांची सगळी माणसं घरी.

ऑर्डर टाकली होती सॉफ्टवेअरने. गटारीच्या आठवड्यात चिकन तुफान खपलं, त्यावरून त्याने ठरवलं की मुंबईकर आता रोजच असं खाणार. फ्रोझन माल असता तर राहिला असता. हे मसाला लावलेलं चिल्ड चिकन होतं, आठवड्यात खपलं नाही तर थेट कचऱ्यात. ऑर्डर रद्द करायचा अधिकार फक्त लंडनच्या हेड ऑफिसातल्या पीटरला, आणि संध्याकाळी माल निघणार होता.

मी व्हिडिओ कॉल लावला.

“अख्खं शहर महिनाभर चिकन सोडतं?” पीटरने विचारलं.

“अख्खं नाही. पण आमची बरीचशी गिऱ्हाइकं.”

“सरकारी आदेश आहे?”

“नाही.”

“मग पाळलं की नाही, हे बघतं कोण?”

“घरचे.”

त्याने मागच्या वर्षीचा ग्राफ मागितला. गोदामच नवीन, ग्राफ कुठून आणू? माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप उचलला आणि हॉलकडे वळवला. जेवणाची वेळ होती, डबे उघडले होते. गिरगाव, नायगाव, प्रभादेवीची मंडळी, एरवी बुधवारी दुसऱ्याच्या डब्यातली सुरमई वासावरून ओळखणारी.

“आजपासून महिनाभर चिकन कोण खाणार? हात वर करा.”

एकच हात वर आला, डिस्पॅचच्या डिसोझाचा.

“मी खाईन,” तो पीटरला म्हणाला, “पण एकटा किती खाणार?”

पीटर हसत सुटला. हसू ओसरल्यावर त्याने ऑर्डर रद्द केली. माझा जीव भांड्यात पडला. सावंतांनी लगेच गोदामात फोन लावला.

त्या महिन्यात आम्ही साबुदाणा आणि पनीर विकलं. वेस्टेज उतरलं, नफाही टिकला. वार्षिक अहवालात शिवडीचं ‘उत्कृष्ट डिमांड प्लॅनिंग’ छापून आलं, शेजारी पीटरचा फोटो. गोदाम वाचलं होतं, म्हणून फोटो माफ केला. गणपती गेल्यावर सावंतांनी माझ्यासाठी घरून कोंबडी-वडे आणले.

पुढे एकदा मी घरी असताना पीटरचा फोन आला. सॉफ्टवेअरमध्ये त्याने श्रावण कायमचा भरला होता, दर वर्षी त्याच तारखेला.

“तारीख बदलते,” मी म्हटलं. “कधीकधी मध्ये अधिक महिनाही येतो.”

“मग पुढच्या वर्षी कधी?” त्याने विचारलं.

“थांब, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघून सांगते.”

आता गोदामातही तसंच एक कॅलेंडर टांगलंय. किती खपलं ते सॉफ्टवेअर सांगतं. का खपलं, ते सावंत भिंतीवर बघतात.