बेगाइमला प्रायोजक मिळेना

किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या उतारांवर बेगाइमच्या तोडीचं स्की करणारं कुणी नव्हतं, आणि हे इतरांपेक्षा तिलाच जास्त पटलेलं होतं. हिवाळाभर ती जखमी पर्यटकांना घसरगाडीवरून खाली आणायचं काम करी. उरलेल्या वेळात स्प्रूसच्या झाडांतून अशी सुसाट उतरे, की रोपवेच्या वर जाणाऱ्या पाळण्यातले लोक बोलायचे थांबत. ती मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

त्याच उतारांवर स्की करणाऱ्या तिलेकचं नाव काढलं तरी तिचं नाक वाकडं व्हायचं. पोरगा तिच्याहून लहान, स्की बेताचंच. पण त्याच्या जॅकेटवर अर्धा बाजार चिकटलेला: टायरवाला, चष्म्याचं दुकान, दातांचा डॉक्टर. कुणी स्कीला लावायचं मेण फुकट देई, कुणी हातमोजे. बदल्यात तिलेक त्यांच्या दारात फोटो काढी, त्यांच्या पोरांना स्की शिकवी, सणाला आठवणीने फोन करी.

"एजे, तूसुद्धा विचारून बघ ना कुणाला," तो म्हणाला. एजे म्हणजे ताई. ते आदराने म्हटलेलंही तिला खुपायचं.

"मी स्की करते. दातांची कवळी विकत नाही," ती म्हणाली.

त्याच हिवाळ्यात अल्माटीहून स्कीचे कपडे बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस आला. त्याला इथलाच एक हौशी स्कीअर हवा होता. कामावरच्या सगळ्यांनी बेगाइमचं नाव सांगितलं. त्याने तिला उतरताना पाहिलं, टाळ्या वाजवल्या, मग चहाला बसवलं.

"कपडे, स्की, स्पर्धांचा खर्च, सगळं आमचं. तुम्ही आमच्यासाठी काय कराल?"

"स्की करेन."

"ते तर तुम्ही आत्ताही करताच."

"मग अजून काय करू? तुमचे बूट पुसू?"

माणूस हसला, चहा संपवला आणि तिलेककडे गेला. आठवड्याभरात तिलेक नखशिखांत नव्या कपड्यांत हिंडायला लागला. रंगीबेरंगी पोपट नुसता! बेगाइम मनात म्हणाली. मार्चमधल्या स्पर्धेत ती पहिली आली, तिलेक पार मागे राहिला. पण पोरांनी गराडा घातला तो तिलेकला. बेगाइमने पदक खिशात कोंबलं आणि घरी गेली.

पुढची स्पर्धा अल्माटीत होती, आणि तिच्या स्कीच्या कडा आता झिजून गेल्या होत्या. नाइलाज झाला तेव्हा ती बाजारात मेर्ये एजेच्या टपरीवर गेली. लहानपणापासून ती तिथे आशलानफूच्या शेवया खात आली होती. थंडगार, तिखटजाळ रस्सा तिने निम्मा संपवला. शेवटी भांडायला आल्यासारखी म्हणाली, "मला स्पर्धेला जायचंय. मदत करता का?"

म्हातारीने पळी खाली ठेवली. "इतकी वर्षं खातेस. कधी म्हणालीस, एजे, छान झालंय?"

"छानच असतं."

"आता म्हणतेस होय!" मेर्ये एजे शेजारणीकडे वळून खदखदा हसली. "बघ गं, राणीसाहेब मागायला आल्यात, पण तोंड असं केलंय जणू माझ्यावरच उपकार करतायत."

बेगाइम ताडकन उठली. पण गेली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"बस खाली. स्कीचं मी बघते," म्हातारी म्हणाली. "पण माझं नाव घातलेली टोपी घालायची. आणि बक्षीस घेताना काढायची नाही."

टोपी भडक लाल होती आणि कपाळावर वाफाळत्या वाडग्याचं चित्र होतं. वाफाळता! आशलानफू कधी गरम असतो का? बेगाइमला त्या टोपीची किळस आली. टोपी शिवणारीची आली, आशलानफू विकणारीची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची.

अल्माटीच्या स्पर्धेत ती दुसरी आली. बक्षीस घेताना टोपी डोक्यावरच होती. तिलेक खाली उभा होता. त्याने टोपीकडे पाहिलं, पण थट्टा केली नाही, ती आता आपल्यातलीच झाल्यासारखी नुसती मान डोलावली. त्याने थट्टा केली असती तर ते तिला सोसलं असतं.