वाचण्याआधी पडलेलं बोट

माझी आत्या रसायनांच्या कारखान्यात पॅनेलवर बसायची. टाक्या, पंप, दाब, सगळं तिच्यासमोरच्या पडद्यांवर. फाटकाशी मोठा फलक होता: इतके दिवस एकही अपघात नाही. आत्या त्याकडे मान वर करून बघायचीही नाही.

"तो कालचं सांगतो," म्हणायची. "उद्याचं लोकांच्या तोंडात असतं."

म्हणजे एका शब्दात: 'नेहमीचंच'. झडप गळतेय? नेहमीचंच. गजर वाजतोय? नेहमीचंच. हा शब्द वरचेवर कानावर पडू लागला की ती बेचैन व्हायची, सगळ्यांच्या मागे लागायची. म्हणून तिचं नाव पडलं 'भोंगा'.

त्या दुपारी तिचे दादा, म्हणजे माझे बाबा, आम्लाच्या टाकीशेजारी पंप दुरुस्त करायला बसले होते. ते तिथेच फिटर. टाकी भरणं चालू होतं. टाकी काठोकाठ भरल्याचा गजर वाजला आणि लगेच थांबला.

तो आपणच बंद केलाय, हे आत्याच्या क्षणभरानं लक्षात आलं. पडद्यावरचं तिनं वाचलंच नव्हतं. गजर बंद करायच्या बटणावर बोट आधी पडलं होतं.

तिनं भरणं थांबवलं.

शेजारचा ऑपरेटर हसला. "अगं, रोज उगाच बोंबलतो तो. नेहमीचंच."

तिनं वॉकीटॉकी उचलला. "दादा, टाकीपासून लांब हो."

"एकच बोल्ट राहिलाय गं, भोंगे."

"दादा, हो म्हण आणि चालू लाग."

पुढे नुसती खरखर. खिडकीतून टाकीचा फक्त माथा दिसत होता. आत्या उभीच राहिली. मग जिन्यात बुटांचा आवाज आला आणि दारात बाबा. हातात पाना, कपाळाला आठ्या.

एकजण टाकीवर चढून माप घेऊन आला. टाकी जेमतेम अर्धी होती.

"खोटा गजर," इंजिनिअर म्हणाला. "करू सुरू? वरून विचारणा होईल."

"आधी गजर दुरुस्त करा."

"टाकी अर्धी आहे, बाई."

"आज आहे. मी न वाचता बंद केला तो. उद्या खरा वाजला तरी हेच बोट पडेल."

"माझं तर रोजच पडतं," शेजारचा ऑपरेटर हळूच म्हणाला. आता तो हसत नव्हता.

इंजिनिअर फोनकडे बघत राहिला.

बाबांनी पाना टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली. "गजर नीट होईपर्यंत मी काही खाली जात नाही. भोंगे, चहा सांग."