काट्यांवरचा टॉवेल

"हळू, भो! पोरगी इमान उतारी राहिनी!"

मावशी गॅलरीतून अशा ओरडल्या की आमच्या लिंबायतच्या गल्लीत ऐन दिवाळीत फटाके थांबत. रिक्षावालेही हॉर्न वाजवत नसत. सगळ्यात मोठा आवाज मावशींचाच आहे, हे त्यांना कोण सांगणार?

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराखालीच. वैमानिक व्हायला निघालेल्या त्यांच्या लेकीला सरावासाठी जुना कॉम्प्युटर आणि विमान चालवायचा दांडा मीच जोडून दिला होता. सुट्टीत घरी आली की ती तासन्‌तास पडद्यावर विमान उतरवत बसायची. एकदा मावशींनीही हौसेनं दांडा धरला. विमान सरळ तापीत!

"बरं झायं, नदी लागनी," त्या म्हणाल्या, "नही तं कोन्हा घरवर पडतं!"

त्या दिवाळीत मात्र लेक तोंड पाडून आली. घरच्या सरावानं हात छान बसला होता, पण नजर पडद्याच्या तळाशी असलेल्या वेग-उंचीच्या काट्यांना चिकटली होती. खऱ्या विमानातही ती बाहेर बघेना. ही सवय सुटल्याशिवाय एकटीला विमान मिळणार नाही, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

मावशींची वीस वर्षं कापड गिरणीत लूमवर, मागावर गेलेली. त्यांनी मला वर बोलावलं. "दादा, ह्या काटा बंद करता येतीन का?"

मी सेटिंग शोधत बसलो. तेवढ्यात त्यांनी टॉवेल आणून पडद्याचा खालचा भाग झाकूनही टाकला. "लूमवर नवी बाई मीटरकडेच देखे. तोवर धागा तुटी जाये. आते भाईर देख!"

पहिल्या दिवशी विमान दहादा आपटलं. लेक रडकुंडीला आली. मला दया आली, मी टॉवेल काढायला गेलो, तर माझ्याच हातावर चापट बसली. भाऊबीजेपर्यंत मात्र पोरगी धावपट्टीकडे बघत अलगद उतरायला लागली. मला उगाचच आपणच शिकवल्यासारखं वाटलं.

महिन्याभरानं एका दुपारी मी वर गेलो. मावशी बंद कॉम्प्युटरपुढे, लेकीच्या रिकाम्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसून होत्या. पुढ्यातला चहा गार झालेला. सर आज लेकीला एकटीला उडायला सोडणार होते. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"आई, उतरले! एकटी उतरले!"

मावशींचे डोळे वाहू लागले. मलाही आवरेना.

"भीती वाटनी का?"

"शेजारची सरांची सीट रिकामी बघून वाटली थोडी."

"रिकामी कशी व्हई?" मावशी म्हणाल्या. "मी सकायपासून बठेल शे. आते उठू का?"