आपांची घरबसल्या पदवी

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला गुन्हा कुठल्या ठाण्यातला, हे हल्ली बायको मला सांगते. एक चौकशी मात्र अजून शब्दन् शब्द लक्षात आहे, आणि गंमत म्हणजे ती मी गणवेश उतरवल्यानंतर केली. तिला गुन्हा नोंदणी क्रमांक नाही, पंचनामा नाही, आरोपपत्र नाही. जागा होती कुवेतमधली अहमदी, माझ्या मुलाच्या घरातली जेवणाची खोली. नावं कोणाचीच देणार नाही. त्या बायका माझ्याशी विश्वासाने बोलल्या.

मुलगा तिथे तेल कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनीच्या जुन्या वसाहतीत त्याचं बैठं घर, पुढे थोडी बाग. हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जातो. तिथे माझं काम एवढंच, की सकाळी झाडांना पाणी घालायचं आणि सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची नाहीत.

त्या वर्षी बायकोची शुगर बिघडली आणि क्लिनिकच्या फेऱ्या सुरू झाल्या. रक्त घ्यायला आलेली नर्स एकदम म्हणाली, "काकी, मूठ घट्ट वळा." परदेशात मराठी कानावर पडलं की माझी बायको सुई विसरते. मुलगी दापोलीकडची, कोकणी मुस्लिम घरातली, तिशीतली. नवरा अपघातात गेलेला. शाळेत जाणारी लेक गावी आजीजवळ. स्वतः कुवेत शहराजवळच्या हवल्लीत इतर नर्सेसबरोबर फ्लॅटमध्ये राहायची. शुक्रवारी सुट्टी असली की ती आमच्याकडे यायला लागली. मला काका म्हणायची आणि माझ्या दाढदुखीवरही सल्ला द्यायची.

एका शुक्रवारी तिने लॅपटॉप आणला. म्हणाली, "काका, एक ठरवायचंय. तुम्ही पोलिसात होता, तुम्हाला माणसं कळतात."

तिला नर्स प्रॅक्टिशनरची पदवी घ्यायची होती. ही नर्सच्या पुढची पायरी. पेशंट स्वतः तपासायचा, निदान करायचं, औषध लिहून द्यायचं. अमेरिकेत अशा नर्सना चांगलं काम मिळतं. अभ्यास ऑनलाइन होतो असं तिने ऐकलं होतं, आणि कुठला कोर्स निवडावा हा प्रश्न होता.

"इथल्या पगारावर लेकीचा व्हिसा होत नाय," ती म्हणाली. "ही डिग्री झाली की अमेरिका, आणि तिला घेऊन जायचं. मागच्या वेळी गावी गेले, तर दारात उभी राहून माझ्याकडे पाहुण्यासारखी बघत होती. आजीच्या मागे लपली काका. मी आई आहे तिची."

बायकोने पदर डोळ्यांना लावला. मी चष्मा लावला.

दोन ठिकाणांशी तिचा पत्रव्यवहार झाला होता. पहिलं अमेरिकेतलं एक विद्यापीठ. त्यांनी सरळ नकार दिला होता. आधी अमेरिकेची नर्सिंगची लायसन्स परीक्षा पास व्हा, ज्या राज्यात लायसन्स मिळेल तिथे राहायला या, मग अर्ज करा. पुस्तकी भाग ऑनलाइन होईल, पण पेशंट तपासण्याचं प्रशिक्षण अनुभवी माणसाच्या हाताखाली प्रत्यक्षच करावं लागेल.

"किती तुसडेपणा!" ती म्हणाली. "ही दुसरी ऑनलाइन संस्था आहे, त्यांचं तसं नाय. ते सगळ्याला हो म्हणतात. वॉर्डातली आपली रोजची ड्यूटीच ट्रेनिंग म्हणून धरतात. कुठे जायला नको."

ठाण्यात तक्रारदार येतो तेव्हा तो अडखळतो, मागचं पुढे सांगतो, चार गोष्टींना 'माहीत नाही' म्हणतो. ते स्वाभाविक असतं. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं गोड उत्तर तयार असतं, त्याला आम्ही आणखी एक चहा मागवायचो, म्हणजे तो बसून राहील. मला त्या दुसऱ्या संस्थेला चहा पाजावासा वाटला.

तिच्याच फोनवरून, तिचा चाचा म्हणून, मी त्यांच्या समुपदेशकाला फोन लावला. तरुण आवाज, हिंदी, फार आदबशीर. मी विचारलं, पोरगी नापास झाली तर? "अंकल, हमारे यहाँ कोई फेल नहीं होता." मी म्हटलं, माझ्या बायकोचीही इच्छा आहे. नर्सिंग शिकलेली नाही, पण घरात सगळ्यांना काढे तीच देते. तो एक क्षणही थांबला नाही. "हो जाएगा अंकल, एक्सपीरियन्स काउंट करवा देंगे."

फोन ठेवला तेव्हा बायको खूश होती. मुलगी मात्र गंभीर झाली, पण मानायला तयार नव्हती. "बोलायची पद्धत असते त्यांची काका. आपांनी केलाय हा कोर्स. त्यांची डिग्री आलीसुद्धा. मी हातात धरून बघितलीय."

आपा म्हणजे तिच्या शेजारच्या गावच्या, त्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या ज्येष्ठ नर्स. मुलगी पहिल्यांदा कुवेतला उतरली तेव्हा विमानतळावर घ्यायला आपाच गेल्या होत्या. खोली मिळेपर्यंत स्वतःच्या पलंगावर झोपवलं होतं. कोकणातली ही माणसं तिथे अशीच जगतात. खोली, नोकरी, इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची कामं, सगळं गावच्या माणसाच्या शब्दावर. गाववालीने सांगितलं म्हटल्यावर पुढे चौकशी करायची नाही. केली तर तिचा अपमान होतो. ही रीत चांगलीच आहे, तिच्यावर कितीतरी घरं उभी राहिली. तो समुपदेशक बहुधा हे माझ्याआधी ओळखून होता. त्याला एका आपांना गाठणं पुरेसं होतं.

मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी आपांना जेवायला घेऊन ये. तोवर प्रवेशाचं काही करू नकोस.

आपा आल्या त्या डबाभर सांदणं घेऊन. पन्नाशीच्या आसपास, डोक्यावरून ओढणी, चालण्यात वर्षानुवर्षं वॉर्डात फिरल्याचा वेग. जेवणं झाली. मी बायकोला खूण केली. ती मुलीला घेऊन जमियात, म्हणजे कोपऱ्यावरच्या सहकारी दुकानात, उगाच कोथिंबीर आणायला गेली.

समोरासमोर बसून मी कधीच चौकशी केली नाही. माणूस समोर बसला की लढायला लागतो. मी आपांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि चहा ओतला. कोर्सबद्दल अवाक्षर काढलं नाही.

"आपा, तुमचा पहिला पेशंट आठवतो?"

त्यांचा चेहरा उजळला. "आठवतो तर! मिरजेला शिकत होते. एक म्हातारे होते, पाय सडलेला. पट्टी बदलताना माझेच हात थरथरत होते, तर तेच मला बोलले, 'सावकाश कर पोरी, मला कुठे जायचंय?' मी तिथेच रडले. मग सिस्टरांनी मला झापली."

आम्ही दोघंही हसलो. मग मी विचारलं, "आणि या नव्या अभ्यासात? तुम्ही स्वतः तपासून, स्वतः औषध ठरवलंत, तो पहिला पेशंट कोण?"

आपांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. चौकशीतलं सगळ्यात कठीण काम गप्प बसण्याचं असतं. नवे फौजदार तिथेच घाई करतात आणि उत्तर स्वतःच सुचवून बसतात. मी बागेकडे बघत राहिलो.

"नव्हता कोण," आपा म्हणाल्या. "मी वाट बघत होते साहेब. आता परीक्षा येईल, आता परीक्षा येईल. परीक्षा आलीच नाय. डिग्रीच आली."

"तेव्हा कळलं?"

"कळलं हो. इतकी वर्षं नर्सिंग केलंय, कळणार नाय? पण भावाने गावात मिठाई वाटली होती. मोहल्ल्यात सगळे मुबारक द्यायला आले. मग कुणाला सांगू?"

"मग या पोरीला कशाला सांगितलंत?"

त्यांनी ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग इतक्या हळू बोलल्या, की मला वाकावं लागलं. "मी एकटी होते तवर ती खोटी होती. वाटलं, हिने पण केला, अजून पोरींनी केला, तर मग खरीच म्हणायची की नाय? इतक्या जणी कशा चुकतील?"

नोकरीत मी लोभापायी खोटं बोलणारे पाहिले, भीतीपायी बोलणारे पाहिले. सोबत हवी म्हणून दुसऱ्याला त्याच खड्ड्यात बोलावणारी बाई मी पहिल्यांदा पाहत होतो असं नाही, पण ते इतकं सरळ कबूल करणारी पहिल्यांदा पाहत होतो. मला राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं.

"ती डिग्री कुठे वापरलीत?" मी विचारलं.

"अजून नाय. या रविवारी ऑफिस उघडलं की आमच्या मुदीरला द्यायची आहे, मॅनेजरला. बढतीसाठी. तिकडून इथल्या आरोग्य मंत्रालयात जाईल तपासायला."

मी खुर्ची वळवली. आता मात्र मी साहेबाच्या आवाजात बोललो. "आपा, नीट ऐका. ती तुमच्या कपाटात आहे तोवर तुम्ही फिर्यादी आहात. तुम्हाला फसवलं गेलंय. ज्या दिवशी ती टेबलावर ठेवाल, त्या दिवसापासून तुम्ही आरोपी. या देशात खोट्या पदव्यांचा कसून तपास होतो. नोकरी जाईल, कदाचित तुरुंग, आणि मग परत पाऊल ठेवता यायचं नाही. ही पोरगी तुमच्या मागून त्याच टेबलापाशी जाणार आहे. तिच्या लेकीला मग ना अमेरिका, ना आई."

आपांनी कप बाजूला सारला. "मग तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकेल."

"माझं ऐकलं नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं. तिचा शब्दावर विश्वास आहे, पण तो तुमच्या शब्दावर."

तेवढ्यात दार वाजलं. बायको आणि मुलगी आत आल्या. मुलगी काहीतरी हसत सांगत होती, ती आपांचा चेहरा बघून थांबली. आपा उठून उभ्या राहिल्या, वरिष्ठांपुढे उभं राहावं तशा.

"बेटा, माझी डिग्री खोटी आहे. मला कधीपासून माहीत आहे. तू तो कोर्स घेऊ नको."

मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली. "आपा, मी लेकीला सांगितलंय फोनवर. पुढच्या वर्षी तुला न्यायला येते म्हणून." ती बाहेर व्हरांड्यात गेली. मी तिच्यामागे जायला निघालो, तर बायकोने मला डोळ्यांनी बसवलं. चौकशीच्या बाबतीत मी वरिष्ठ असेन, पण अशा वेळचा कायदा तिला जास्त कळतो.

आपांनी पर्समधून फोन काढला. "अजून पोरींना बोलले होते मी," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोरच नंबर लावला. पलीकडे कोणी नर्स होती. आपांनी तेच वाक्य सांगितलं, माझी डिग्री खोटी आहे. पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. त्या पोरीने प्रवेश घेऊन टाकला होता. ती तावातावाने बोलली आणि फोन तोडला. आपा फोनकडे बघत राहिल्या. डोळे इतके भरले होते, की पुढचं नाव त्यांना सापडेना.

मुलगी दारात येऊन उभी होती. किती वेळ, ते मला कळलं नाही. ती आली, आपांच्या शेजारी बसली, त्यांच्या हातातून फोन घेतला. पुढचं नाव शोधून नंबर लावला आणि फोन आपांच्या तोंडासमोर धरला. एकीमागून एक सगळे फोन तिने लावून दिले. आपांकडे तिने एकदाही बघितलं नाही, पण उठूनही गेली नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी दोघींना महाराष्ट्रातल्या सायबर पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करायला लावली. मजकूर मी सांगितला, टाइप मुलीने केला. त्या संस्थेची वेबसाइट लवकरच बंद पडली. हे लिहीपर्यंत कोणी पकडलं गेलेलं नाही, आणि दुसऱ्या नावाने ते पुन्हा दुकान थाटतील हे मला माहीत आहे. आपांनी डिग्री कुठेही दिली नाही. बढती मिळाली नाही. ज्या पोरीने फोन तोडला होता ती त्यांच्याशी अजून बोलत नाही. मुलीने लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केला. पहिल्या खेपेला नापास झाली, आता पुन्हा बसते आहे.

मी काय शिकलो? ऑनलाइन पदवी निवडायची असेल तर जाहिरात नंतर बघा, आधी त्या संस्थेकडून शिकून बाहेर पडलेल्या माणसाला गाठा आणि काय शिकलास ते विचारा. नकार देणाऱ्याचा राग धरू नका, त्याने तुमचा निदान विचार केलेला असतो. हे झालं लोकांसाठी. माझ्यापुरतं सांगायचं, तर मी पुष्कळ कबुलीजबाब घेतले. ते सगळे माझ्यापुढे दिले गेले, आणि माझं प्रेम गमावण्याची भीती त्यातल्या कोणालाच नव्हती. आपांनी कबुली दिली ती जिला सगळ्यात जास्त जपलं तिच्यापुढे. त्याला किती बळ लागतं याचा मी नोकरीत कधी विचारच केला नव्हता.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. आपांचे फोन संपले तेव्हा बायकोने पुन्हा चहा टाकला होता. मुलीने आपांचा फोन टेबलावर ठेवला आणि स्वतःचा काढला. गावी लावला. आजीने लेकीला बोलावून दिलं असावं, कारण हिचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाळा, मी बोलले होते ना, लवकर न्यायला येते म्हणून? लवकर नाय होणार. उशीर लागेल. मला आधी मोठी परीक्षा द्यायची आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मुलगी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आपांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

"होय गं," ती फोनमध्ये म्हणाली, "आईला पण परीक्षा असते."