पाय असलेली अक्षरं

दिनकर पेंटर आणि त्यांच्या मंडळी शांताकाकू, या दोघांनी मला ठेवून घेतलं. हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे.

मी सुरगाण्याकडची. सहावीत शाळा सुटली. द्राक्षबागेच्या कामाला टोळीबरोबर नाशिकला आले, तापाने पडले, आणि टोळी पुढे निघून गेली. मी पेठ रोडवरच्या त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर पडले होते. काकूंनी पेज पाजली. बरी झाल्यावर काकांनी ब्रश पुढे केला. "हात थरथरतो का बघू." थरथरत होता. तरी ठेवली.

पाटी झाली की काका तिच्याकडे तोंड करून उलटे चालत जायचे. मोठ्याने पावलं मोजत. रस्ता, सायकली, म्हशी, कशाचीही पर्वा नाही. अक्षर दिसेनासं होईल तिथे थांबायचे. पलीकडचा चहावाला ओरडायचा, "पेंटर, उलटी पावलं भुताची असतात!" काका म्हणायचे, "भुताला बोर्ड वाचावा लागत नाय, म्हणून ते मजेत हाय."

त्यांचं अक्षर नाशकात कुठेही ओळखू यायचं. तळहाताएवढी रुंद शिरोरेषा, जाड उभे दंड, आणि प्रत्येक दंडाच्या तळाशी आडवी भक्कम पट्टी. त्या पट्टीला ते पाय म्हणत. "पाय दे त्याला पोरी. वाचणारा गाडीत बसलाय, अक्षराने तरी जागेवर उभं राहावं." ते आखायचे, मी भरायचे. जरा रेघ चुकली की वाटायचं, आता हाकलतात. कधी हाकललं नाही.

पाच-सहा वर्षं अशी गेली. मग एका ठेकेदाराने सुरगाण्याच्या वाटेवरच्या घाटात पाटी सांगितली. 'धोक्याचे वळण'. पिवळ्या पत्र्यावर काळं अक्षर. श्रावण होता, भर दुपारी धुकं उतरलेलं. अक्षरं नेहमीपेक्षा जाड आखलीयत असं मला वाटलं; तरी आखली तशीच भरत गेले. भरून झाली, आणि काका उलटे निघाले.

बाराव्या पावलाला ते अंधुक झाले. सतराव्याला नाहीसे. धुक्यातून नुसता आवाज येत राहिला. "अठरा... एकोणीस... वीस." मग थांबला. मग म्हणाला, "झकास दिसतंय!"

मला इथून माणूस दिसत नव्हता, त्यांना तिथून अक्षर कसं दिसेल? मी आवाजाच्या दिशेने गेले. काका वळणाच्या कडेला उभे होते. तोंड दरीकडे. त्या पांढऱ्या पोकळीकडे बघून मान डोलावत होते. "शिरोरेषा बघ, कशी बसलीय."

तेवढ्यात धुक्यातून जीप निघाली. टपावर, मागे, दांडीला धरून लटकलेली माणसं. आमच्याकडचीच, कामाला निघालेली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. "ओ म्हातारबा, मरायचं हाय का? बाजूला व्हा ना!" जीप पुढे गेली. लटकलेल्यांतलं कोणीही पाटीकडे बघितलं नाही. बघून काही दिसलंही नसतं. मी वळून पाहिलं होतं. पाटीच्या जागी धुक्यात एक काळा गोळा होता, बस.

बोलले तर छप्पर जाईल, न बोलले तर अशीच एखादी जीप दरीत. माझी आई कामाला याच वाटेने यायची.

"काका, पाटी तिकडे नाय. मागं हाय."

त्यांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. म्हणाले, "आणि अक्षर?"

"वाचता येत नाय. नुसता गोळा."

ते कठड्यावर बसले. डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात, डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. हातभर अंतरावरचं तेवढं दिसे. काकूंनाही सांगितलं नव्हतं. "मला दिसावं म्हणून जाड करत गेलो गं," ते म्हणाले. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा माझ्याकडे सरकवला. "पाय तसेच ठेव. पोटं उघड, आतली पोकळी मोठी कर. अक्षराला आत हवा लागते. आणि आता तू चाल, मी मोजतो."

मी मागे चालू लागले. धुक्यात त्यांचा आवाज मोजत राहिला. चार वेळा परत येऊन मी पोटं मोठी केली. पाचव्यांदा विसाव्या पावलाला सगळी अक्षरं दिसली, एकाच दांडीला धरून, पाय रोवून उभी. मी रडले. ते म्हणाले, "रंग वाळू दे आधी."

परतताना पेठ रोडवर एसटीच्या खिडकीतून त्यांच्या जुन्या-नव्या पाट्या बघत आले. किराणा, दवाखाना, पिठाची गिरणी. दर वर्षी थोडी जाड, दर वर्षी पोट थोडं मिटलेलं. एका माणसाचे डोळे विझत होते आणि ते गावभर लिहिलेलं होतं. त्यातली निम्मी मीच भरली होती.

पुढे गिऱ्हाईक आलं की काका सांगायचे, "अक्षर पोरीचं हाय, मी फक्त बसतो." मग फ्लेक्स आले, दुकान बंद झालं. आता मी सुरतेत, संगणकावर अक्षरं कापणाऱ्या दुकानात आहे. काकांना आता काहीच दिसत नाही. काकू फोनवर सांगतात, दिवसभर मांडीवर बोटाने काहीतरी गिरवत असतात.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांची बाराखडी जाड लाकडात कापते आहे, पाय, पोटं सगळं तसंच. दहा-बारा अक्षरं अजून मनासारखी होत नाहीत, म्हणून जायचं लांबतंय. पण एक दिवस ती सगळी पेटीत भरून नाशिकला नेईन, एकेक अक्षर त्यांच्या हातात देईन, आणि ते चुका काढतील तोवर तिथेच बसेन.